वाचनात अडकलेल्या मुलांसाठी अख्ख्या शाळेने काय करायचं? कोकणातल्या लहान शाळांसाठी

आमच्या शाळेत तिसरीतला एक मुलगा मराठीचा धडा खडाखडा वाचायचा. साहेब आले की आम्ही हमखास त्यालाच उभा करायचो. एकदा सहज म्हणून मी त्याच्या पानावर पोस्टकार्ड ठेवलं, तर गडी थांबलाच नाही. झाकलेल्या दोन ओळीही त्याने म्हणून टाकल्या. बोट एका ओळीवर, तोंड तिसऱ्याच ओळीवर. धडा पाठ होता, वाचता येत नव्हतं. पहिलीच्या बाई बदलून गेलेल्या, तिसरीच्या गुरुजींना वाटलं याला येतंय, आणि मुख्याध्यापिका म्हणून मी कधी विचारलंच नाही. त्याच्या वाचनाकडे बघायचं काम नक्की कुणाचं, हे शाळेत ठरलेलंच नव्हतं.

ते ठरवायचं कसं आणि ठरवल्यावर करायचं काय, ते खाली लिहिते आहे. दोन ते पाच शिक्षक आणि पंधरा ते साठ पट, अशा शाळा डोळ्यांसमोर आहेत. देवगड, राजापूर, गुहागर, श्रीवर्धन, कुठेही गेलात तरी वाड्यांवरच्या बहुतेक शाळा अशाच.

जूनमध्ये प्रत्येक मूल वेगळं ऐका

१५ जूनला शाळा उघडते. पहिला आठवडा पुस्तकवाटप, प्रवेशोत्सव आणि गळणारी कौलं बघण्यात जातो, तो जाऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात दुसरीपासून पुढच्या प्रत्येक मुलाचं वाचन एकट्याने ऐकायचं. मुलामागे पाच-सात मिनिटं पुरतात. बसायचं व्हरांड्याच्या टोकाला, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं.

नवीन चाचणी काढत बसू नका. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाची पद्धत आपल्या सगळ्यांना माहीत आहे: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. परिच्छेदापासून सुरुवात करायची. नीट वाचला तर गोष्ट द्यायची, अडखळला तर खाली शब्दांवर, तिथेही अडला तर अक्षरांवर. पाचांपैकी चार शब्द बरोबर आले तर शब्दपातळी आली असं धरायचं. त्यात आम्ही अनुभवाने चार गोष्टी घातल्या.

मुलाच्या वर्गशिक्षकाने त्याचं वाचन ऐकायचं नाही, दुसऱ्याने ऐकायचं. आपल्या मुलांच्या बाबतीत आपला कान फार उदार असतो. मजकूर पुस्तकातला नको, पूर्वी न पाहिलेला हवा. पोस्टकार्डची गोष्ट वर सांगितलीच. वाचून झालं की कागद पालथा घालून दोन प्रश्न विचारायचे, आणि उत्तर घरच्या बोलीत आलं तरी चालेल असं आधीच सांगायचं. चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: चूक झाली की नुसती फुली मारायची नाही, मुलाने काय वाचलं ते जसंच्या तसं लिहायचं. ‘मळा’ला ‘मला’ वाचलं, ‘होड्यांवर’ला ‘होडी’ म्हणून पुढे गेला, ‘धर’ला ‘घर’ म्हणाला. फुल्यांवरून पुढच्या आठवड्याचा पाठ ठरत नाही, या नोंदींवरून ठरतो.

सगळ्या शाळेचा मिळून एकच तक्ता करा: नाव, पातळी, चुकीचा नमुना, आणि शेवटच्या रकान्यात या मुलाकडे कोण बघणार त्या शिक्षकाचं नाव. तो रकाना रिकामा राहिला तर बाकीचा तक्ता केला नाही तरी चालेल.

हा तक्ता कपाटात ठेवायचा, भिंतीवर नाही. एक वर्ष आम्ही भिंतीवर निळा समुद्र रंगवून प्रत्येकाच्या नावाची कागदी होडी लावली होती. जसजसं वाचन येईल तसतशी होडी किनाऱ्यापासून पुढे. दिसायला फार छान. चौथीतल्या एका मुलीची होडी दिवाळीनंतरही वाळूतच होती, आणि एका सकाळी ती तिनेच फाडून चुरगळून खिडकीबाहेर टाकली. कल्पना माझीच होती. त्याच दिवशी समुद्र उतरवला.

अडकलंय नेमकं कुठे?

गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली एक साधी मांडणी केली: वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य.

आपल्याकडे हे रोज दिसतं. आंब्याला मोहोर धरला की बागांच्या राखणीला नेपाळी कुटुंबं येतात आणि त्यांची मुलं आपल्या पटावर येतात. नेपाळी देवनागरीतच लिहितात. त्यामुळे तिकडे शाळेत गेलेली मुलगी ‘ळ’ सोडला तर बरीचशी अक्षरं वाचते, पण अर्थ विचारला की नुसती हसते. तिच्या शेजारी बसलेला आपला मालवणी मुलगा ‘बाबांनी मासे आणले’ हे वाक्य ‘बाबान मासे हाडल्यान’ असं वाचतो. साहेबांच्या नोंदीत दोघंही ‘अप्रगत’. खरं तर त्याला वाक्य पुरतं समजलंय, म्हणून तर त्याने ते आपल्या बोलीत आणलं. त्याला शब्दावर नजर टिकवायची सवय लावायची, तिला बोलायला शिकवायचं, चित्रांवर, वस्तूंवर, खेळात. दोघांना एकाच गटात बसवून बाराखडी गिरवायला लावली तर दोघांचंही वर्ष फुकट.

मग लिपीच्या अडचणी. मराठी जशी लिहिली जाते तशीच वाचली जाते, असं आपण सर्रास म्हणतो. मुलाच्या बाजूने बघा, तसं ते नाही.

भ-म, घ-ध, प-ष, थ-य या जोड्या दिसायला सारख्या. त्या एकाच दिवशी समोरासमोर ठेवून ‘फरक बघा’ म्हटलं की गोंधळ पक्का होतो. आधी ‘म’ घट्ट बसू द्या, ‘भ’ तीन आठवड्यांनी आणा. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि म्हणताना नंतर, तेव्हा डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणारं मूलच तिथे अडखळतं. ‘अंडं’ या शब्दात दोन अनुस्वार आहेत. पहिला ‘ण्’सारखा वाजतो, दुसरा अनुनासिक वाजतच नाही, नुसता ‘अ’ लांबवतो. ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चारा’मधला वेगळा, ‘जाळं’ आणि ‘जेवण’चं तेच. आणि ‘र’ तर बहुरूपीच: रस, सर्प, क्रम, ट्रक, वाऱ्यावर. पाचही रूपं एका तासात फळ्यावर लिहून मोकळं होणाऱ्यांत मीही होते. आता एका रूपाला एक आठवडा देते.

सगळ्यात मोठा अडसर मात्र प्रशिक्षणात क्वचितच बोलला जातो, तो म्हणजे सामान्यरूप, प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप. मुलाला ‘घोडा’ वाचता येतो आणि ‘घोड्यावरचा’ दिसला की तो गप्प होतो. आपल्याला वाटतं शब्द तोच आहे. त्याच्यासाठी शब्द लांबला, मधे जोडाक्षर आलं आणि ओळखीची ‘डा’ हरवली. म्हणून शब्दांची शिडी करायची: होडी, होड्या, होड्यांवर, होड्यांवरून, होड्यांवरूनच. एकाखाली एक, ‘होड्या’ सगळीकडे एकाच रंगाच्या खडूने. मासा, माशाला, माशांचा. पाऊस, पावसात, पावसातलं. रोज एक शिडी, पाच मिनिटं. दुसरी-तिसरीत अडकलेल्या कितीतरी मुलांची गाडी या एका गोष्टीने पुढे सरकली.

वेगाचं म्हणाल तर २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानामध्ये तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, समजून, असं लक्ष्य आहे. लक्ष्य म्हणून ठीक. पण ‘होड्यांवरूनच’ हाही एक शब्द आणि ‘तो’ हाही एकच, हे घड्याळ हातात धरणाऱ्याने विसरू नये.

सगळ्या शाळेची एकच वेळ

वाचनाचा तास प्रत्येक वर्गाने आपापल्या सोयीने घेतला तर अडकलेल्या मुलाला मदत मिळत नाही, कारण पातळीनुसार गट करायला मुलांना इकडून तिकडे जाता आलं पाहिजे. परिपाठानंतरची ४५ मिनिटं सगळ्या शाळेने वाचनाला द्यायची. या वेळेत इयत्ता विसरायची.

समजा पाच इयत्ता, चोवीस मुलं आणि दोन शिक्षक आहेत. पहिलीतली सगळी आणि अक्षरपातळीवरची वरच्या वर्गातली मुलं एका शिक्षकाकडे. शब्द आणि परिच्छेदावर अडलेली दुसऱ्याकडे. गोष्ट वाचणारी जोडीजोडीने व्हरांड्यात, एक वाचतो, दुसरा ऐकतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. चौथीतला मुलगा पहिलीच्या पोरांत बसायला लाजतो, त्याला तिथे ‘गटप्रमुख’ करा. अक्षरकार्डं मांडणं, वाटणं त्याच्याकडे. शिकतो तोही, आणि नाक वर ठेवून शिकतो.

एवढ्यानेही न हलणारी दोन-चार मुलं उरतात. त्यांना आठवड्यातून तीनदा, दहा-दहा मिनिटं, एकट्याने. मधल्या सुट्टीत मात्र नको, खेळ गेला की वाचनाचा रागच येतो.

या ४५ मिनिटांत शिक्षकाने मोबाइल हातात घ्यायचा नाही. ‘तातडीची माहिती तात्काळ पाठवा’ हा संदेश पाऊण तास थांबतो, मी थांबवून पाहिलेला आहे. पोषण आहाराचे तांदूळ मोजून देणं परिपाठाआधीच उरकायचं.

एक अडचण खास आपलीच. पत्र्याचं छप्पर असेल तर जुलैत मुलाचं बोलणंच ऐकू येत नाही. आवाजांचे खेळ आणि मोठ्याने वाचन तेव्हा सोडून द्या. त्या दिवसांसाठी शब्दकार्डं जुळवणं, शिडी लिहिणं, चित्राखाली वाक्य लिहिणं असं निमूट काम आधीच काढून ठेवायचं. साकवावरून पाणी गेलं म्हणून सुट्टी मिळाली तर तो दिवस गटाच्या नोंदीत लिहा. सहा आठवड्यांनी मूल पुढे का गेलं नाही हे बघताना तो मोजावा लागतो.

गटात नेमकं काय करायचं

अक्षरगटाला अ ते ज्ञ या क्रमाने नेऊ नका. थोडी अशी अक्षरं घ्या की पहिल्याच आठवड्यात शब्द वाचता येतील. क, म, स, ळ आणि काना, एवढ्यावर मासा, माळ, मामा, काका, काळा, कमळ, सकाळ इतके शब्द होतात. तासाची सुरुवात कानाने करायची: ‘मासा’ला टाळ्या किती? पहिला आवाज कोणता? ‘मा’ काढून ‘का’ घातला तर? त्यानंतर कार्डं लावून तोच शब्द, मग न बघता वाचन, आणि शेवटी शिक्षक म्हणेल तो शब्द पाटीवर लिहिणं. हे शेवटचं श्रुतलेखन वगळू नका. जो शब्द मूल ऐकून लिहितं तो सहसा वाचतंच.

शब्दगटाचं काम शिड्या आणि जोडाक्षरं, वर आलंच आहे.

परिच्छेदाच्या गटाला एकच छोटा मजकूर तीन-चार दिवस पुरवायचा. पहिल्या दिवशी शिक्षक वाचेल, मुलं बोट फिरवतील, दुसऱ्या दिवशी सगळे मिळून, मग एकेकटं. रोज नवा धडा दिला की अडखळण्याचीच सवय लागते. आणि समूहवाचनावर फार भिस्त ठेवू नका. सगळे मिळून वाचताना ओठ हलवण्यात आपली मुलं पटाईत असतात.

मजकूर आणायचा कुठून? मुलांकडूनच. ‘काल रापण ओढूक गेललंव’ (काल किनाऱ्यावरून जाळं ओढायला गेलो होतो) असं कुणी सांगायला लागला की ते तसंच फळ्यावर लिहायचं, शेजारी पुस्तकी मराठीत. दोन्ही वाचायचं. आपलं बोलणं फळ्यावर उमटतं हे बघून मूल कसं सरसावून बसतं ते एकदा बघाच.

शिक्षकांचं प्रशिक्षण: सभागृहापेक्षा कान महत्त्वाचा

तीन दिवस सभागृहात बसायचं, पीपीटी बघायची, चहा घ्यायचा, सहीचा कागद फिरवायचा. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारी, म्हणून मीही तिथे उभी राहिले आहे, तेव्हा दोष माझ्याही पदरात आहेच. चौथ्या दिवशी शाळेत परतल्यावर समोर तेच मूल असतं आणि ‘आकलनाच्या पायऱ्या’ आठवत नाहीत.

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच. तिच्यातला एक तास केंद्रप्रमुखांकडून मागून घ्या. प्रत्येक शाळेने एका मुलाच्या वाचनाचं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर आणायचं, नाव-गाव न सांगता. एक मुद्रण सगळ्यांनी तीनदा ऐकायचं. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा मजकुराची प्रत समोर ठेवून, मुलाने जे वाचलं ते शब्दावर लिहीत. तिसऱ्यांदा थांबे मोजत. मग कागद शेजाऱ्याशी जुळवायचे. पहिल्या वेळी आमच्या अकरा जणांच्या नोंदी अकरा तऱ्हेच्या निघाल्या. कुणाला चार चुका, कुणाला अकरा. वीस-वीस वर्षं शिकवणारी माणसं आम्ही, आणि ऐकायला शिकलोच नव्हतो. पुढच्या महिन्यात त्याच मुलाचं नवं मुद्रण आणायचं. ही मुद्रणं व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायची नाहीत आणि वर्षाअखेर पुसून टाकायची. पालकांना आधी विचारायचं, हे सांगायला नकोच.

उरलेल्या वीस मिनिटांत एका शिक्षकाने एकच बारीक गोष्ट करून दाखवायची, उदाहरणार्थ रफार (‘सर्प’मधला वरचा र) पाच मिनिटांत कसा शिकवावा. बाकीच्यांनी मुलं व्हायचं, खोडकर मुलंसुद्धा. वर्षाचा क्रम साधारण असा बसतो: जुलैत ऐकणं आणि नोंद, ऑगस्टमध्ये आवाजांचे खेळ, गणपतीनंतर जोडाक्षरं आणि ‘र’, दिवाळीनंतर सामान्यरूपांच्या शिड्या, जानेवारीपासून आकलनाचे प्रश्न. डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) तज्ज्ञांना किंवा विषय साधनव्यक्तींना बोलवाल तेव्हा ‘मार्गदर्शन करा’ म्हणू नका. ‘या तीन मुलांना अनुस्वार जमत नाही, काय करू?’ असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर येतं, किंवा निदान तज्ज्ञही विचारात पडतात.

शाळेत आठवड्यातून एकदा एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वाचनतासाला दहा मिनिटं बसायचं. शिक्षकाकडे बघायचं नाही, एकाच मुलाकडे बघायचं. दहा मिनिटांत ते स्वतः किती शब्द वाचतं? चुकल्यावर त्याला काय सांगितलं जातं? ते किती वेळ नुसतं वाट बघत बसतं? एवढंच लिहून कागद त्या शिक्षकाच्या हातात द्यायचा. त्याची प्रत वर पाठवली की पुढच्या वेळी कुणी दार उघडणार नाही.

आमच्याकडे मराठवाड्या-विदर्भातून आलेले गुरुजीही असतात. त्यांना मुलांची बोली कळायला निम्मं वर्ष जातं. खय (कुठे), हाडणे (आणणे), चेडू (मुलगी), व्हाळ (ओढा) असे पाऊणशे शब्द शाळेतल्या स्वयंपाकी मावशींकडून लिहून घ्या. याहून स्वस्त प्रशिक्षण मला ठाऊक नाही. आणि बदल्या होतच राहणार, म्हणून प्रत्येक अडकलेल्या मुलाचं एक पान शाळेच्या वहीत हवं. गुरुजी जातील, वही राहील.

घर आणि वाडी

जुलैत घरी लावणी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यानंतर वडील बोटीवर. पालकसभा ठेवायची तर ही गणितं बघून ठेवा. समुद्राकडच्या वाडीत बंदीच्या दिवसांत बाप घरी सापडतो, नंतर नाही.

आईवडिलांना वाचता येत नसेल तरी चालतं. रोज दहा मिनिटं मुलाने वाचायचं, आजीने ऐकायचं आणि ‘मगे काय झाला?’ विचारायचं. चूक सुधारायची नाही, चुलतभावाशी तुलना करायची नाही, एवढ्या दोनच अटी.

गणपतीत घर चाकरमान्यांनी भरतं. मुंबईच्या ताईला सांगा, दुपारी धाकट्यांना गोष्ट वाचून दाखव. आरतीचं पुस्तक मात्र वाचनाचा पुरावा धरू नका, ती सगळ्यांना पाठच असते. पण म्हणताना शब्दाखाली बोट ठेवायला सांगितलं तर पाठ असलेलं आणि छापलेलं यांची गाठ पडते.

रायगडात कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. त्या मुलाला शिक्षण हमी कार्ड (तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळतं ते) देताना सोबत एक चिठ्ठी द्या: वाचनाची पातळी, काय जमतं, पुढे काय घ्यावं. तिकडच्या शिक्षकाला पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही.

वाट बघायची नाही अशा वेळी

मूल फळा बघताना डोळे बारीक करतं, पुस्तक नाकाशी धरतं, हाक मारली तर वळत नाही, पावसाळ्यात कान वाहतो: हे आधी तपासायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा या मुलांची यादी तयार ठेवा, नाहीतर वजन-उंचीतच दिवस संपतो.

डोळे, कान ठीक, हजेरी ठीक, बोलण्यात हुशार, दोन सत्रं नेमकं शिकवलं, तरी अक्षर टिकत नाही असं मूल असेल तर गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवा. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आलेली आहे, आणि प्रमाणपत्र मिळालं तर सवलतींचा हक्क मिळतो. निदान आपण करायचं नाही. ‘याला डिस्लेक्सिया आहे’ असं शिक्षकखोलीत बोललेलं वाक्य संध्याकाळपर्यंत वाडीत पोचतं. पालकांना आपण काय पाहिलं तेवढंच सांगा, वहीतलं पान दाखवा. तपासणीची तारीख मिळायला महिने लागतात, तेवढे दिवस एकट्याला शिकवायची ती दहा मिनिटं चालूच ठेवायची.

दर सहा आठवड्यांनी

पुन्हा तीच चाचणी, मजकूर नवा, ऐकणारा वर्गशिक्षक सोडून दुसरा. ज्याला जमलं त्याला त्याच दिवशी पुढच्या गटात हलवा, सत्र संपायची वाट बघू नका. सहा आठवड्यांत जागचं हललं नाही असं मूल असेल तर आधी हजेरी बघा, मग वहीतले चुकीचे नमुने बघा. चूक तीच असेल तर पद्धत बदला. चूक बदलली असेल तर पातळी तीच दिसली तरी ते मूल पुढे गेलेलं आहे, तसं त्याला सांगा.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्या वहीतल्या पानांच्या झेरॉक्स काढायच्या. जी मुलं हायस्कुलात जाणार त्यांची पानं तिथल्या पाचवीच्या मराठीच्या बाईंना हातोहात नेऊन द्यायची. कार्यालयात ठेवली तर ती दाखल्याला टाचून फाइलला लागतात.